पंधरा टन हवा आणि अंगातला टी-शर्ट

दहा बाय दहाच्या खोलीत किती हवा मावते? छत दहा फुटांवर धरलं तर साधारण अठ्ठावीस घनमीटर. तिचं वजन विचारलं तर बहुतेक जण हसतात. हवेला कसलं आलंय वजन! पण ही हवा तराजूत घालता आली असती, तर पुण्यात काटा तीस किलोच्या थोडा पुढे जाऊन थांबला असता.

हा आकडा एकदा डोक्यात बसला की सायकलकडे बघायची नजरच बदलते. भल्या पहाटे हडपसर सोडून, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत यवतच्या दिशेने निघालेला एखादा हौशी सायकलस्वार घ्या. रस्ता सपाट, वेग ताशी २७ किलोमीटर. समोरून पाहिलं तर तो आणि त्याची सायकल मिळून अंदाजे अर्धा चौरस मीटर जागा अडवतात. म्हणजे तासाभरात हा माणूस अर्धा चौरस मीटर तोंडाचा आणि २७ किलोमीटर लांबीचा बोगदा हवेतून खणत जातो. त्या बोगद्यातली हवा भरते १३,५०० घनमीटर, आणि तिचं वजन होतं जवळजवळ पंधरा टन.

पंधरा टन! आणि तेही नाश्त्याच्या आधी. ही सगळी हवा तो बाजूला सारतो छातीने, दंडांनी, गुडघ्यांनी, आणि अंगात जे काही घातलं असेल त्याने. तेव्हा ‘ते घट्ट चकचकीत कपडे घालून आपल्यासारख्यांचा वेग थोडाच वाढणार?’ हा प्रश्न नीट सोडवून बघण्यासारखा आहे. उत्तर ‘वाढतो’ असंच येतं. पण ते ज्या वाटेने येतं, त्या वाटेवर मौज आहे.

आधी हवेचा स्वभाव. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध रेटत पुढे जायला लागणारी शक्ती वाढते घनाने. पुढचे आकडे मी एका ठरावीक स्वारासाठी मांडले आहेत: माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, रस्ता आपल्याकडचा बरा म्हणावा असा, हवा पुण्याच्या उंचीवरची, बैठक बऱ्यापैकी ताठ आणि अंगात सैल टी-शर्ट. ताशी २० किलोमीटर वेगाला हा स्वार हवेवर साधारण ३८ वॅट खर्च करतो. ३० च्या वेगाला, म्हणजे फक्त दीडपट वेगाला, १२७ वॅट. टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाला दोन्ही वेळा लागणारं बळ मात्र जवळपास तेवढंच. ताशी १७ च्या सुमारास हवा आणि टायर बरोबरीत असतात. तिथून पुढे हवा झपाट्याने वरचढ होत जाते. २७ च्या वेगाला स्वाराने लावलेल्या शंभर वॅटमधले सत्तरेक वॅट हवा खाते.

आणि या सत्तरातला सायकलीचा वाटा किती? फार तर चतुर्थांश. बाकीचा सगळा विरोध माणसाच्या शरीराला होतो. फ्रेमच्या नळ्या पातळ पात्यासारख्या घडवलेली सायकल लोक कर्ज काढून घेतात, आणि तिच्यावर बसून वाऱ्यात शर्टाची टोकं उडवत जातात. विक्रेत्याला हे सांगण्यात रस नसतो, इतकंच.

कपडा हवेत नेमकं करतो काय, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेवरच्या पुलाच्या खांबाकडे बघावं. समोरून आलेलं पाणी खांबावर आदळून चढतं, दोन्ही बाजूंनी फाटून पुढे निघतं. पण खांबाच्या मागे ते लगेच एकत्र येत नाही. तिथे एक खळगा पडतो, भोवरे फिरत राहतात, पाण्याची पातळी समोरच्यापेक्षा खाली असते. सायकलस्वाराच्या पाठीमागे हवेत हाच खळगा असतो, फक्त दिसत नाही. पुढे दाब जास्त, मागे कमी, आणि या फरकामुळे स्वार सतत मागे ओढला जातो. वारा तोंडावर लागतो म्हणून आपल्याला वाटतं की सगळी अडवणूक समोरून होते. खरं तर पाठीमागची पोकळीही तितकीच नडते. ती जितकी रुंद, तितकी ओढ जास्त.

सैल टी-शर्ट दोन गोष्टी करतो. बाह्यांतून, गळ्यातून आत शिरलेली हवा तो पाठीवर फुगवून धरतो, म्हणजे खळगा रुंद करतो. आणि तो फडफडतो. या फडफडीचा आवाज फुकट येत नाही. कापड एकदा इकडे, एकदा तिकडे झटकायला ऊर्जा लागते, आणि त्या रस्त्यावर ऊर्जेचा कारखाना एकच आहे: स्वाराचे पाय.

अंगाबरोबर बसणारी साधी जर्सी घातली की एकूण विरोध किती घटतो, हे माणसागणिक, कपड्यागणिक बदलतं. आपण दहा टक्के धरू. भोंगळ टी-शर्टाशी तुलना असेल तर हा अंदाज अवाजवी नाही. बैठक तीच, जोर तोच. २७ च्या वेगाला नऊ वॅट वाचतात, आणि तेच नऊ वॅट वेगात घातले तर वेग होतो २७.८ च्या जरा वर. एवढंच? हो, एवढंच. पण ४० किलोमीटरच्या फेरीत ते जवळजवळ २ मिनिटं ४० सेकंद होतात.

आता खरी गंमत. हेच दहा टक्के एखाद्या कसलेल्या शर्यतपटूला वाचवून देऊ. तो मुळातच वाकून बसतो, ताशी ४२ ने जातो. त्याच ४० किलोमीटरमध्ये त्याचे वाचतात सुमारे १ मिनिट ५० सेकंद. हौशी माणसापेक्षा कमी! कारण सरळ आहे. वेगवान माणूस लवकर घरी पोहोचतो. हळू जाणारा त्याच वाऱ्यात दीड तास असतो, आणि बचत जास्त वेळ साठत राहते. ‘असले कपडे प्रोफेशनल लोकांना उपयोगी, आपल्याला काय करायचेत’ हे वाक्य जितक्या आत्मविश्वासाने बोललं जातं, तितकं ते घड्याळापुढे टिकत नाही. अर्थात शर्यतपटूला त्या सेकंदांतून पदक मिळतं आणि आपल्याला फार तर पोहे थोडे आधी.

समोरून वारा असेल तर हा हिशेब आणखी आपल्या बाजूने झुकतो. हवेला सायकलच्या मीटरवरचा आकडा कळत नाही; तिला कळतो फक्त तिच्या आणि तुमच्या वेगातला फरक. ताशी १५ चा वारा अंगावर घेत २७ ने जाणाऱ्या माणसाला हवा ४२ च्या वेगाने भिडते आणि विरोध जवळपास अडीचपट होतो. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की किनाऱ्याच्या रस्त्यावर पाय का बोलायला लागतात, ते इथे कळतं. अशा वेळी शर्टाचं प्रत्येक उडतं टोक महाग पडतं.

सेकंदांवरून आठवण होते ती १९८९ च्या टूर दि फ्रान्सची. तीन आठवडे, सुमारे ३,२८५ किलोमीटर, आणि शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्याने धावायची घड्याळी शर्यत. फ्रान्सचा लॉरां फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी पुढे होता. इतक्या थोड्या अंतरात ५० सेकंद भरून निघणं अशक्य, असंच जवळपास सगळे धरून चालले होते. लेमाँड निघाला तो कोपर जवळ घेऊन हात पुढे टेकवता येतील अशा नव्या हँडलवर आणि मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट घालून. फिन्यों निघाला उघड्या डोक्याने. मागे बांधलेली केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. लेमाँडचा सरासरी वेग ताशी ५४.५ किलोमीटर पडला आणि तो टूर जिंकला ८ सेकंदांनी. ती शेंडी कापली असती तर फिन्यों जिंकला असता का, यावर सायकलवेडे अजून वाद घालतात. माझ्या मते शेंडीपेक्षा ते हँडल भारी पडलं, कारण त्याने माणसाचा आकारच बदलला. पण ३,२८५ किलोमीटरनंतर फरक ८ सेकंदांचा उरला असताना शेंडीला निर्दोष सोडायला जीव धजत नाही.

इथवर सगळं सरळ आहे: अंगाबरोबर बसणारं, सुरकुती नसलेलं, फडफड नसलेलं ते बरं. मग जितकं गुळगुळीत तितकं वेगवान, असंच व्हायला हवं ना? इथे हवा आपल्याला चकवते, आणि हा चकवा कळायची सुरुवात सायकलपासून फार लांब झाली.

आयफेल टॉवर बांधणारा गुस्ताव्ह आयफेल म्हातारपणी हवेच्या नादी लागला. पॅरिसमध्ये त्याने स्वतःचा वाऱ्याचा बोगदा उभारला आणि त्यात तो निरनिराळ्या वस्तू टांगून त्यांना होणारा विरोध मोजत असे. १९१२ च्या सुमारास साध्या गोळ्यासाठी त्याला जो आकडा मिळाला, तो जर्मनीतल्या गटिंगेनच्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी होता. आयफेलची गणितात कुठेतरी दोनाची चूक झाली असावी, असं जर्मनांकडून सुचवलंही गेलं. चूक नव्हती. आयफेलचा वारा जास्त वेगाचा होता, आणि एका मर्यादेपलीकडे वेग गेला की गोळ्याचा विरोध वाढायच्या ऐवजी एकदम कोसळतो. का कोसळतो, हे गटिंगेनच्याच लुडविग प्रांटलने १९१४ मध्ये दाखवून दिलं, तेही अगदी सोप्या युक्तीने: त्याने गुळगुळीत गोळ्याभोवती बारीक तारेचं एक कडं बसवलं. पृष्ठभाग मुद्दाम बिघडवला. आणि कमी वेगालाही विरोध घसरला.

होतं असं. वस्तूला चिकटून वाहणारा हवेचा एक पातळ थर असतो. तो शांत, पदरापदराने वाहत असेल तर दमतो लवकर. वस्तूच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत येता येता पृष्ठभाग सोडून देतो, आणि मागे मोठा खळगा पडतो. त्या थरात जरा खळबळ माजवली तर बाहेरची ताजी, वेगवान हवा त्यात मिसळत राहते, थराला जोर मिळतो, तो वळणावरून आणखी मागेपर्यंत चिकटून राहतो. खळगा अरुंद होतो. खळबळीची किंमत थोड्या जास्त घर्षणाने मोजावी लागते, पण खळगा आकसल्याचा फायदा तिच्याहून कितीतरी मोठा. गोल्फच्या चेंडूवर बारीक खड्डे असतात ते याचसाठी.

माणसाचे दंड, मांड्या, पोटऱ्या म्हणजे वाऱ्यात आडवे-उभे धरलेले गोल खांबच. त्यांच्यावर योग्य जागी योग्य खडबडीत कापड चढवलं तर? २०१७ च्या टूरची सुरुवात ड्युसेलडॉर्फमध्ये पावसात, १४ किलोमीटरच्या घड्याळी शर्यतीने झाली. टीम स्कायच्या खेळाडूंच्या अंगातल्या सूटवर खांद्या-दंडांच्या भागात बारीक उंचवट्यांची नक्षी होती. गेरेंट थॉमस जिंकला आणि पहिल्या दहांत स्कायचे चौघे आले. लगेच प्रतिस्पर्धी फ्रेंच संघाच्या फ्रेडरिक ग्राप यांनी हरकत घेतली. परीक्षकांनी सूट नियमात बसतात असा निर्वाळा दिला. जागतिक सायकल संघटनेला अखेर कापडाच्या खडबडीतपणावर एक मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. मोज्यांचंही तसंच. पाऊल आणि घोटा पॅडलसोबत सतत गरगरत असतात, म्हणून नक्षीदार लांब मोजे फायद्याचे ठरतात. ते इतके वर चढू लागले की घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर मोजा जाता कामा नये, असा नियम झाला. जगातले उत्तमोत्तम खेळाडू शर्यतीआधी पाय पुढे करून मोज्यांची उंची मोजून घेतात, हे दृश्य शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी नखं तपासणाऱ्या बाईंना फार आवडलं असतं.

पायांवरचे केसही या हिशेबातून सुटले नाहीत. अमेरिकन संशोधक चेस्टर काइल यांनी ऐंशीच्या दशकात पायाच्या प्रतिकृतीवर केस लावून मोजलं, तेव्हा फरक नगण्य निघाला. एक टक्क्याहूनही कमी. पुढे २०१४ मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने स्वतःच्या वाऱ्याच्या बोगद्यात खरे स्वार बसवले, पाय भादरण्यापूर्वी आणि नंतर, आणि ४० किलोमीटरला एका मिनिटाच्या आसपास बचत जाहीर केली. स्वार मोजकेच होते आणि मोजणारी कंपनी वेग विकणारी होती, एवढं लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. तरी इतक्या वर्षांनी प्रतिकृतीचा पाय आणि खरा पाय यांच्यात एवढी तफावत निघावी, हे मला फार आवडतं.

आता हौशी स्वाराकडे परत. विरोध कोसळण्याचा तो क्षण केव्हा येतो, हे वाऱ्याचा वेग, अवयवाची जाडी आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा मिळून ठरवतात. दहा सेंटिमीटर जाडीचा अगदी गुळगुळीत खांब असेल तर त्याला ताशी शंभराच्याही पुढचा वारा लागतो. खडबडीत कापडाने तो उंबरठा खाली खेचता येतो, आणि शर्यतीच्या सूटमध्ये तो साधारण ४५ ते ५५ च्या वेगाला जुळवून ठेवलेला असतो, कारण तो घालणारे त्या वेगाने जातात. २७ ने जाणाऱ्या तुमच्या दंडावर मात्र तो उंबरठा बहुधा ओलांडलाच जात नाही. मग ती महागडी नक्षी काय करते? काहीच नाही, किंवा फक्त खडबडीत राहून जराशी अडवते. कापड वेगाप्रमाणे ‘लागतं’, हे यातलं सगळ्यात चकित करणारं सत्य आहे. स्थानिक दुकानातली अंगाबरोबर बसणारी साधी जर्सी आणि विजेत्याच्या अंगावरचा सूट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. टी-शर्टापासून पहिलीपर्यंतची उडी हौशी माणसाला मोठी मिळते. पहिलीपासून दुसऱ्यापर्यंतची फार थोडी, आणि नक्षीच्या बाबतीत तर कदाचित उलटीही.

आणि सिंहगडाच्या पायथ्याशी आलात की हे सगळं गणित खाली ठेवून द्यायचं. सहा टक्के चढावर त्याच जोराला आपला स्वार ताशी साडेआठने चढतो. या वेगाला हवा त्याच्याकडून तीनेक वॅट घेते. जर्सीची बचत त्याच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे शून्यच म्हणा. मग वजन? दोनशे ग्रॅम हलके कपडे तासाभराच्या चढाईत आठ-नऊ सेकंद वाचवतात. घाटात खरा शत्रू वेगळाच असतो: उष्णता.

माणसाचं शरीर हे इंजिन म्हणून फारसं काटकसरी नाही. खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. बाकीची आत उष्णता होऊन बसते. चाकाला १३० वॅट देणारा स्वार चारशेहून जास्त वॅटची उष्णता निर्माण करत असतो, आणि ती बाहेर काढायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, त्वचेवरून उडून जावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप गळून रस्त्यावर पडला तर काहीही नेत नाही. मुंबईच्या दमट सकाळी माणूस भिजून चिंब होतो आणि तरी तापलेलाच राहतो, तो यामुळे. सपाट रस्त्यावर ताशी २७ चा वारा स्वतःच पंखा होतो. घाटात पाय तेवढीच उष्णता काढतात, पण पंखा बंद.

टूरचे खेळाडू डोंगर चढताना जर्सीची चेन पोटापर्यंत उघडतात, पल्ले उडू देतात आणि माथ्यावर पोहोचताच उतार सुरू व्हायच्या आत ती वर ओढून घेतात, ते टीव्हीवर अनेकांनी पाहिलं असेल. जर्सीला पुढे पूर्ण लांबीची चेन असते ती एवढ्यासाठी. चढावर फडफड फुकट असते आणि थंडावा मोलाचा, उतारावर उलट. बोपदेव घाट चढतानाही हा हिशेब तसाच लागू पडतो. माझं मत विचाराल तर जर्सीचा सर्वांत कामाचा भाग कापड नव्हे, चेन.

कापडाचा प्रश्न आला की आपल्याकडे सुती बनियनची बाजू घेणारे हमखास उभे राहतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. सुती धागा पाणी पोटात घेतो. पॉलिएस्टरचा धागा जवळपास घेतच नाही, पाणी धाग्यांमधल्या फटींतून पसरत बाहेरच्या बाजूला येतं आणि तिथून उडतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात भिजलेलं सुती कापडही भराभर वाळतं आणि गार ठेवतं. पण दमट हवेत, लांब पल्ल्यावर ते ओलंच राहतं, जड होतं, लोंबतं, आणि ओल्या त्वचेला घासत राहतं. सायकलच्या शर्यती पन्नास-साठ वर्षं लोकरीच्या जर्सीत झाल्या. १९१९ साली टूरमध्ये पहिल्यांदा दिली गेलेली पिवळी जर्सीही लोकरीचीच. पावसात ती गुडघ्याकडे निघायची. १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणून परत मूळ लांबीवर येणारा धागा बनवला, तो पुढे लायक्रा या नावाने गाजला. इटलीच्या मॉरिझिओ कास्तेल्ली यांनी सत्तरच्या दशकात त्याच्या शॉर्ट्स शर्यतीत आणल्या आणि लोकरीचे दिवस भरले. पुण्याच्या जुन्या सायकलस्वारांची या क्षेत्रातली युक्ती त्याहून जुनी आहे, हे नोंदवून ठेवतो: पायजम्याची किंवा पँटची मोहरी घोट्यापाशी घट्ट धरणारी पत्र्याची क्लिप. हेतू सायकलच्या चेनचं ग्रीस लागू नये हा. पण पोटरीभोवतीची फडफडही आयतीच बंद व्हायची.

शॉर्ट्समधल्या पॅडचा वेगाशी संबंध आहे, हे प्रथमदर्शनी पटत नाही. एकेकाळी तिथे चामड्याचा तुकडा शिवलेला असे, आता फोम असतो. त्याचं काम गादी होण्याचं थोडं, आणि शिवणीविना गुळगुळीत, कोरडा पृष्ठभाग देण्याचं जास्त. म्हणून ती शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. नवखे लोक संकोचापोटी आत चड्डी घालतात, तिच्या शिवणी नेमक्या नको तिथे घासतात, आणि मग दोष सीटला. आता वेग कुठे आला? हवेत शरीर लहान करायचं तर कोपरं वाकवून, छाती खाली नेऊन बसावं लागतं. बूड दुखायला लागलं की माणूस सगळ्यात आधी काय करतो? ताठ होतो, चुळबुळ करतो, उभा राहतो. जर्सीने वाचवलेलं सगळं, आणि वर कितीतरी, त्या एका हालचालीत निघून जातं.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात; थांबे धरून ताशी पंधराची सरासरीही पुरते. तिथे सेकंद कोणी मोजत नाही, त्वचा मोजते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम ही शर्यत पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर. असल्या अंतरावर कपड्याची परीक्षा वाऱ्यात कमी आणि सीटवर जास्त होते. ब्रेव्हेची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. रात्री चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं, आणि ते असायलाच हवं; पण बाजारात मिळणारं जॅकेट बहुतेक वेळा कुणालाही बसेल अशा मापाचं, म्हणजे कुणालाच न बसणारं. अंगाबरोबर बसणारी सुंदर जर्सी, आणि तिच्यावर रात्रभर फडफडणारी ती जाळी! अंगाला घट्ट बसणारा चमकता पट्टा चालत असेल तर तो घ्यावा, नाहीतर जॅकेट बाजूने शिंप्याकडून आत घेऊन घ्यावं. चमक तेवढीच राहते.

मित्रांच्या मागे मागे सायकल चालवणाऱ्यांना जर्सीचा फायदा कमी मिळतो, कारण पुढच्याने हवा आधीच फोडलेली असते. चाकाला चाक लावून जाणाऱ्याचा विरोध तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त घटू शकतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या जथ्याचं गणित मांडलं, त्यात मध्यभागी लपलेल्यांना एकट्याने जाणाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध होतो असं निघालं. आपल्या चार-पाच जणांच्या घोळक्यात तेवढं सुख नाही, पण रुंद खांद्यांचा मित्र हा कुठल्याही जर्सीपेक्षा सरस.

यातलं काहीही माझ्या शब्दावर धरून चालू नका. वाऱ्याचा बोगदा नसला तरी उतार असतो. वर्दळ नसलेला, खड्डे नसलेला, लांब आणि एकसारखा तीनेक टक्क्यांचा उतार शोधायचा, वारा पडलेला असताना पहाटे जायचं, आणि पॅडल न मारता सायकल सोडून द्यायची. काही वेळाने वेग एका आकड्यावर स्थिरावतो: एकीकडे ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि दुसरीकडे अडवणारी हवा व टायर, यांची बरोबरी झालेली असते. सैल टी-शर्टात, आपल्या ८५ किलोच्या हिशेबाने, तो आकडा ३४ च्या थोडा वर यायला हवा. बैठक मुळीच न बदलता अंगाबरोबर बसणारी जर्सी घालून परत सोडा. ३६ दिसायला हवेत. स्वस्तातल्या सायकल-मीटरवरही हा फरक कळतो. हेलपाटे दोन-तीनदा करावेत, म्हणजे वाऱ्याच्या एखाद्या झुळकीने फसवणूक होत नाही. आणि इतक्या लांब गेलाच आहात तर आणखी एक फेरी: तीच जर्सी, ब्रेकवर बोटं तशीच, नजर रस्त्यावर, फक्त कोपरं वाकवून छाती खाली. माझा हिशेब सांगतो, मीटर ३८ दाखवेल.